रक्तातील कोलेस्टेरॉल आणि औषधोपचारातील सातत्य

ताप आला की माणूस गोळी घेतो आणि ताप उतरला की ती थांबवितो. औषध आणि आजार यांचे हे नाते जनमानसात पिढ्यानपिढ्या रुजलेले आहे आणि अनेक किरकोळ दुखण्यांच्या बाबतीत ते फारसे चुकीचेही नाही. रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल मात्र या नात्यात बसत नाही. ते वाढले म्हणून अंग दुखत नाही, भूक मंदावत नाही की झोप मोडत नाही. बहुसंख्य माणसांच्या बाबतीत प्रयोगशाळेच्या अहवालातील एका आकड्याखेरीज त्याची दुसरी खूण नसते. त्यावरील गोळी घेतल्याने बरे वाटू लागले असा अनुभव येत नाही आणि ती सोडल्यानेही त्या दिवशी काही बिघडल्याचे जाणवत नाही. औषध घेणाऱ्याला त्याचा गुण कधीच जाणवू नये आणि तरीही ते वर्षानुवर्षे घेत राहावे, अशी ही विलक्षण मागणी आहे. ती समजून घेतल्याशिवाय पुरी होणे कठीण.

हा विकार केवळ शहरी आणि सुखवस्तू वर्गाचा आहे, अशी एके काळी समजूत होती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २००८ ते २०२० या काळात ३१ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत मिळून १ लाख १३ हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार प्रौढांपैकी सुमारे २४ टक्के लोकांच्या रक्तातील एकूण कोलेस्टेरॉल प्रमाणाबाहेर आढळले. म्हणजे ग्रामसभेस शंभर प्रौढ माणसे जमली, तर त्यांतील वीस-पंचवीस जणांची ही स्थिती असू शकते. आणि त्यांतील बहुतेकांना तिची कल्पना असण्याचे कारण नाही.

कोलेस्टेरॉल म्हणजे काय?

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने पित्ताशयातील खड्यांत सापडणाऱ्या एका मेणचट पदार्थाला नाव दिले. ‘पित्त’ आणि ‘घन’ अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून ते बनले आहे. हा पदार्थ मुळात शत्रू नव्हे. शरीरातील प्रत्येक पेशीच्या आवरणाला तो लागतो. अनेक संप्रेरके, ‘ड’ जीवनसत्त्व आणि पित्तरस यांची घडणही त्याच्यापासून होते. तो इतका आवश्यक आहे, की शरीर त्यासाठी आहारावर विसंबून राहत नाही. शरीरातील कोलेस्टेरॉलचा मोठा भाग यकृत आणि इतर पेशी स्वतःच तयार करतात. तेल-तूप पूर्णपणे वर्ज्य करूनही काही माणसांचा आकडा का उतरत नाही, याचे उत्तर येथे आहे.

मेणचट पदार्थ पाण्यात, आणि म्हणून रक्तात, विरघळत नाही. त्याची ने-आण प्रथिनांच्या वेष्टनातून करावी लागते. यांपैकी एलडीएल या नावाने ओळखले जाणारे कण कोलेस्टेरॉल शरीरभर पोहोचवितात आणि एचडीएल हे कण काही प्रमाणात ते यकृताकडे परत आणतात. एलडीएलचे प्रमाण दीर्घकाळ वाढलेले राहिले, की ते कण रोहिणीच्या भिंतीत शिरून तेथे साठू लागतात. नळात गाळ साचून पाणी अडावे तसे हे होते, असा दृष्टान्त नेहमी दिला जातो. तो सोपा आहे, पण अपुरा आहे. साठा नळीच्या पोकळीत नव्हे, तर तिच्या भिंतीच्या आत होतो आणि त्याभोवती दाह निर्माण होतो. एखाद्या दिवशी त्यावरील पातळ आवरण फाटते, तेथे रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत रक्तप्रवाह बंद पडतो. हृदयाच्या रोहिणीत हे घडले तर हृदयविकाराचा झटका येतो, मेंदूच्या रोहिणीत घडले तर पक्षाघात होतो. काल शेतावर राबणारा किंवा कचेरीत बसलेला माणूस आज अकस्मात कोसळतो, तेव्हा ते अकस्मात वाटते. त्यामागील प्रक्रिया मात्र वीस-तीस वर्षांची असते.

आपल्याकडे ही घटना लवकर घडते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी येत असल्याचे दिसले. इतर देशांत हेच वय सुमारे ५९ होते. या शोधनिबंधाचे पहिले लेखक नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. प्रशांत जोशी हे होते. घरात मुलांची शिक्षणे अपुरी आहेत, कर्ज फिटलेले नाही, अशा वयातील ही सहा वर्षे आहेत.

बुरशीपासून गोळीपर्यंत

कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या औषधांचा मुख्य वर्ग ‘स्टॅटिन’ या नावाने ओळखला जातो. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन ही त्यांतील आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाणारी नावे होत. या औषधांचा उगम जपानमधील एका धान्याच्या दुकानापर्यंत जातो.

अकिरा एंडो यांचा जन्म १९३३ मध्ये उत्तर जपानमधील अकिता प्रांतात एका शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणापासून त्यांना अळंबी आणि बुरशी यांचे कुतूहल होते. पेनिसिलिनचा शोध लावणारे फ्लेमिंग हे त्यांचे स्फूर्तिस्थान. टोकियोतील सान्क्यो या औषधनिर्मिती कंपनीत काम करीत असताना १९७१ मध्ये त्यांनी एक साधा तर्क मांडला. बुरशीला इतर सूक्ष्मजीवांशी झगडावे लागते. ज्या सूक्ष्मजीवांना जगण्यासाठी कोलेस्टेरॉलसारख्या द्रव्यांची गरज असते, त्यांची ती निर्मितीच रोखणारे एखादे रसायन काही बुरशी तयार करीत असतील. हा तर्क हाती धरून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीचे सुमारे सहा हजार नमुने तपासले. १९७३ मध्ये क्योटो येथील एका धान्यदुकानातील तांदळावर वाढलेल्या निळसर-हिरव्या बुरशीत हवे ते द्रव्य हाती लागले.

पुढचा मार्ग सरळ नव्हता. हे द्रव्य उंदरांना दिले असता त्यांचे कोलेस्टेरॉल काही केल्या उतरेना आणि प्रकल्प गुंडाळण्याची वेळ आली. तेव्हा एंडो यांनी कोंबड्यांकडे मोर्चा वळविला. अंड्याच्या बलकात कोलेस्टेरॉल भरपूर असते, तेव्हा अंडी देणाऱ्या कोंबडीच्या रक्तातही ते पुष्कळ असणार, हा हिशेब होता. तो खरा ठरला आणि औषध वाचले. १९७८ मध्ये ओसाका विद्यापीठाच्या रुग्णालयात अकिरा यामामोतो या डॉक्टरांनी ते प्रथमच एका १८ वर्षांच्या मुलीला दिले. आनुवंशिक दोषामुळे तिचे कोलेस्टेरॉल अतिशय वाढलेले होते. ते उतरले, पण काही दिवसांत तिच्या स्नायूंत अशक्तपणा आला आणि मात्रा कमी करावी लागली. या औषधाचा गुण आणि त्याचा एक दोष असे दोन्ही पहिल्याच रुग्णात दिसून आले होते. एंडो यांचे द्रव्य त्याच रूपात बाजारात आले नाही. त्याच जातीचे लोव्हास्टॅटिन हे औषध एका अमेरिकन कंपनीने दुसऱ्या एका बुरशीपासून मिळविले आणि १९८७ मध्ये अमेरिकेत त्यास परवानगी मिळाली. एंडो यांचे जून २०२४ मध्ये वयाच्या ९०व्या वर्षी निधन झाले.

या गोळीचे काम कसे चालते, हे कळण्यासाठी आणखी दोन शास्त्रज्ञांचा उल्लेख आवश्यक आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात डॅलस येथे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी पेशींच्या पृष्ठभागावर एलडीएलचे कण पकडून आत घेणारे ‘ग्राही’ असतात, हे दाखवून दिले. त्याबद्दल त्यांना १९८५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. स्टॅटिन यकृतातील कोलेस्टेरॉल-निर्मितीच्या एका कळीच्या टप्प्यावरील विकराला अडवितात. निर्मिती घटली, की यकृताला तुटवडा जाणवतो. तो भरून काढण्यासाठी यकृत आपल्या पृष्ठभागावरील ग्राहींची संख्या वाढविते आणि रक्तातील एलडीएल अधिक प्रमाणात आत ओढून घेते. रक्तातील आकडा उतरतो तो या ओढीमुळे. म्हणजे गोळी पोटात जाऊन रक्तातील चरबी ‘विरघळवीत’ नाही. ती यकृताला रोजच्या रोज एक विशिष्ट स्थितीत ठेवते. गोळी थांबली, की अडविलेला विकर मोकळा होतो, निर्मिती पूर्ववत सुरू होते आणि काही आठवड्यांत आकडा जुन्या जागी येतो. औषधातील सातत्याचा प्रश्न अखेर या एका वस्तुस्थितीवर उभा आहे.

आकडा उतरला, म्हणून आयुष्य वाढले का?

रक्ताच्या अहवालात सुधारणा होणे ही एक गोष्ट आहे आणि माणूस जगणे ही दुसरी. प्रारंभीच्या काळात अनेक जाणत्या डॉक्टरांनाही ही शंका होती, आणि ती रास्त होती. तिचे निरसन १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातील देशांत झालेल्या एका मोठ्या चाचणीने केले. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले किंवा छातीत कळ येणारे ४,४४४ रुग्ण तीत सहभागी होते. जवळजवळ निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन हे औषध आणि उरलेल्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी देण्यात आली. सुमारे साडेपाच वर्षांनंतर औषध न मिळालेल्या गटात २५६, तर औषध मिळालेल्या गटात १८२ मृत्यू झाल्याचे आढळले. पुढे २६ चाचण्यांतील सुमारे १ लाख ७० हजार लोकांच्या माहितीचा एकत्रित अभ्यास झाला. एलडीएल दर ३९ मिलिग्रॅमनी उतरले, की झटका, पक्षाघात आणि तत्सम मोठ्या घटना सुमारे एक-पंचमांशाने घटतात, असे प्रमाण त्यातून २०१० मध्ये हाती आले.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचले पाहिजेत. ज्याला एकदा झटका येऊन गेला आहे, त्याच्या वाट्याचा धोका मुळातच मोठा असतो. म्हणून त्याचा एक-पंचमांश वाचला तरी तो लाभ ठसठशीत असतो. उलट पस्तिशीतील, तंबाखू न खाणारी, रक्तदाब व साखर यथास्थित असलेली एखादी शिक्षिका घेतली, तर नजीकच्या वर्षांतील तिचा धोका आधीच अल्प असतो आणि अल्पाचा पाचवा भाग अत्यल्पच असणार. गोळी कोणाला द्यावी, हे केवळ कोलेस्टेरॉलच्या आकड्यावरून ठरत नाही, ते यामुळेच. वय, तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाची स्थिती, वडील किंवा भाऊ अकाली गेल्याचा इतिहास, अशा सर्व गोष्टी डॉक्टर एकत्र मांडून पाहतात. या औषधाच्या पाकिटावर तांबडी रेघ आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विक्री करू नये अशी सूचना छापलेली असते, तीमागील कारणही हेच. शेजाऱ्याचा आकडा आपल्याइतकाच होता म्हणून त्याची गोळी आपल्यालाही चालेल, हा हिशेब बरोबर नाही.

याच्या उलट टोकाची परिस्थिती अधिक गंभीर आहे. भारतासह १७ देशांत झालेल्या एका पाहणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेला आहे, म्हणजे ज्यांना गोळीची गरज निःसंशय आहे, अशा लोकांची ती पाहणी होती. श्रीमंत देशांत त्यांपैकी शंभरातील ६६ जण स्टॅटिन घेत होते. भारत ज्या अल्प उत्पन्नाच्या गटात मोडत होता, तेथे हे प्रमाण शंभरात केवळ तीनच्या आसपास होते. औषध महाग म्हणून असे झाले, असे सरसकट म्हणता येत नाही. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन अनेक भारतीय कंपन्या बनवितात, ते राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत समाविष्ट आहे आणि जनऔषधी केंद्रांतूनही मिळते. रोहिणीत जाळी बसविण्याचा मोठा खर्च शासकीय योजनेतून भागतो, रुग्ण घरी येतो आणि वर्षभराने पाहावे तर रोजची गोळी बंद झालेली असते. जाळीने एक अडलेली जागा मोकळी केली. बाकीच्या रोहिण्यांतील साठा जिथल्या तिथे आहे, हे त्याला सुटी देताना पुरेसे सांगितले गेले नसावे.

अहवाल वाचताना

प्रयोगशाळेच्या अहवालात आकड्यासमोर एक रकाना असतो. त्यात ‘सामान्य मर्यादा’ छापलेली असते. हा रकाना सर्वांसाठी एकच छापला जातो, आणि गोंधळाचे मूळ पुष्कळदा तेथेच असते. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत एलडीएलचे लक्ष्य माणसागणिक वेगळे आहे. अल्प धोक्याच्या व्यक्तीसाठी ते १०० मिलिग्रॅमच्या आत, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांसाठी ७० च्या आत आणि झटका किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांसाठी ५५ च्या आत असावे, असे त्यांत सांगितले आहे. झटका येऊन गेलेल्या गृहस्थाच्या अहवालात ९२ हा आकडा आला, तर छापील रकाना त्याला ‘सामान्य’ ठरवितो. त्याच्या डॉक्टरांच्या दृष्टीने मात्र तो बराच वर असतो. तेव्हा ‘माझा आकडा किती?’ याबरोबरच ‘माझ्यासाठी तो किती असावयास हवा?’ हा प्रश्न डॉक्टरांना आवर्जून विचारावा आणि उत्तर अहवालावरच लिहून घ्यावे. या तपासणीसाठी उपाशीपोटी जाण्याची सक्ती आता बहुतेक प्रसंगी आवश्यक मानली जात नाही. दूरच्या वाडीवरून सकाळी पहिली एस.टी. गाठून तालुक्याला येणाऱ्या वृद्धांना ही सोय लहान नव्हे.

औषध सुरू केल्यावर पूर्ण परिणाम दिसण्यास चार ते सहा आठवडे लागतात; म्हणून फेरतपासणी साधारणतः एक ते तीन महिन्यांनी करतात. आणखी एक बाब. मात्रा दुप्पट केली म्हणून परिणाम दुप्पट होत नाही. गोळी १० मिलिग्रॅमवरून २० वर नेली, तर एलडीएलमध्ये जेमतेम सहा टक्क्यांची जादा घट पडते. लवकर गुण यावा म्हणून आपणच दोन गोळ्या घेण्यात दुष्परिणामाची शक्यता वाढते, लाभ फारसा वाढत नाही. एवढ्याने लक्ष्य गाठले नाही, तर आतड्यातून होणारे शोषण रोखणारे एझेटिमाइब हे दुसरे औषध जोडीला देतात. त्यापुढील इंजेक्शने उपलब्ध आहेत, पण ती महाग असून निवडक रुग्णांपुरती आहेत.

गोळी का सोडली जाते?

पहिले आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे अहवाल चांगला येणे. आकडा उतरला, आजार गेला, औषध संपले, अशी ही सरळ समजूत. वास्तविक तो आकडा औषधाने धरून ठेवलेला असतो. बांधाने पाणी अडले म्हणून बांध काढून टाकावा, असे शेतकरी म्हणत नाही. येथे मात्र सुशिक्षित माणसेही तेच करतात. शिक्षक आणि कार्यालयीन कर्मचारी यांचे प्रमाण त्यांत कमी नाही, हे लेखकाने अनेक आरोग्य शिबिरांच्या वार्तांकनाच्या निमित्ताने ऐकलेले आहे.

दुसरे कारण दुष्परिणामांचे भय. ते निराधार आहे असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. स्टॅटिनमुळे काहींना स्नायुदुखी होते. स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणात नष्ट होऊन मूत्रपिंडावर आघात होणे हा अत्यंत गंभीर प्रकार वर्षाकाठी दहा हजारांत एकापेक्षाही कमी लोकांत आढळतो. पण तो आढळतो. या वर्गातील सेरिव्हास्टॅटिन या औषधाने तो अधिक प्रमाणात होतो असे दिसताच ते २००१ मध्ये जगभर बाजारातून काढून घेण्यात आले. ज्यांची साखर आधीच काठावर आहे, त्यांच्यापैकी काहींना मधुमेह थोडा लवकर जडतो. २०१० मधील एका अभ्यासानुसार २५५ लोकांनी चार वर्षे औषध घेतले, तर एक जादा मधुमेही निर्माण होतो. त्याच लोकांतील पाच-सहा मोठ्या हृदयघटना मात्र टळतात. गर्भवती, स्तनदा आणि गर्भधारणेची इच्छा असलेल्या स्त्रियांनी ही बाब डॉक्टरांना आधी सांगितली पाहिजे. या काळात ही औषधे सामान्यतः देत नाहीत. लघवीचा रंग गडद तांबूस होणे, स्नायूंत तीव्र वेदना व अशक्तपणा येणे, डोळे पिवळे दिसणे, यांपैकी काही झाल्यास तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

परंतु स्टॅटिन घेणाऱ्याचे प्रत्येक दुखणे स्टॅटिनचे नसते. लंडनमध्ये झालेला आणि २०२० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. त्रास होतो म्हणून ही गोळी सोडून दिलेल्या ६० जणांना वर्षभरासाठी बारा बाटल्या देण्यात आल्या. चारांत खरे औषध होते, चारांत तशीच दिसणारी निरौषध गोळी, आणि चार रिकाम्या. सहभागी व्यक्तींनी रोजचा त्रास शून्य ते शंभर या मोजपट्टीवर नोंदविला. रिकाम्या महिन्यांत सरासरी ८, निरौषध गोळीच्या महिन्यांत १५.४ आणि खऱ्या औषधाच्या महिन्यांत १६.३ अशी नोंद झाली. गोळी घेतल्यावर होणाऱ्या त्रासाचा सुमारे नऊ-दशांश भाग गोळी घेण्याच्या जाणिवेतून आलेला होता. तो त्रास खोटा नव्हता. पाय खरोखरच दुखत होते. कारण मात्र औषधातील रसायन नव्हते. हे समजल्यानंतर सहभागी झालेल्यांपैकी निम्म्यांनी पुन्हा औषध सुरू केले. म्हणून स्नायू दुखू लागले तर गोळी परस्पर सोडून देण्याऐवजी डॉक्टरांना सांगावे. ते रक्ताची एक चाचणी करून मात्रा घटवितात, औषध बदलतात, किंवा काही आठवडे थांबवून पुन्हा सुरू करतात. पुष्कळांना यांपैकी एखादा मार्ग मानवतो.

एक धोका आपल्याकडे विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. गजकर्णासारख्या बुरशीजन्य त्वचारोगावर अलीकडे इट्राकोनाझोल हे औषध मोठ्या प्रमाणावर दिले जाते. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही जंतुनाशकेही प्रचारात आहेत. ही औषधे काही स्टॅटिनचा शरीरातून होणारा निचरा मंदावतात आणि स्नायूंवरील दुष्परिणाम बळावतो. त्वचारोगाच्या किंवा खोकल्याच्या डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या गोळ्यांचे पाकीट खिशात ठेवावे, ही साधी खबरदारी पुरेशी आहे.

‘नैसर्गिक’ पर्यायांची जाहिरात पुष्कळ होते. त्यांबाबत जपानमधीलच एक घटना उल्लेखनीय आहे. लाल बुरशी चढविलेल्या तांदळात निसर्गतःच स्टॅटिन जातीचे द्रव्य असते. एंडो यांनीच ते १९७९ मध्ये तशा बुरशीतून वेगळे केले होते. या तांदळापासून बनविलेल्या आरोग्यपूरक गोळ्यांमुळे मूत्रपिंडाचे विकार झाल्याच्या तक्रारी आल्यानंतर मार्च २०२४ मध्ये त्या परत मागवाव्या लागल्या. चौकशीत उत्पादनात दुसऱ्याच एका बुरशीचे विषारी द्रव्य मिसळल्याचे दिसून आले. औषधाची मात्रा आणि शुद्धता यांवर जी देखरेख असते, ती पूरक पदार्थांवर तितकी नसते. आहाराचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. डाळी, भाजीपाला, ज्वारी-बाजरी, मूठभर शेंगदाणे, तेल-तुपाचा बेताचा वापर, चालणे आणि तंबाखूचा त्याग या गोष्टी गोळी घेणाऱ्यालाही चुकत नाहीत. मात्र ज्याला गोळीची गरज आहे, त्याने लसणीच्या पाकळ्यांवर भिस्त ठेवू नये.

वेळेविषयी फार काटेकोर असण्याचे कारण नाही. सिम्व्हास्टॅटिनसारखी अल्पकाळ टिकणारी औषधे रात्री घेतात, कारण यकृतातील निर्मिती रात्री अधिक होते. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन दिवसातून कोणत्याही एका ठरावीक वेळी चालतात आणि त्यांना जेवणाची अट नाही. तेव्हा एकादशी, श्रावणी सोमवार किंवा नवरात्राच्या उपवासात ही गोळी चुकविण्याची गरज नाही.

गावपातळीवर

३० वर्षांवरील व्यक्तींची माहिती आशा स्वयंसेविका घरोघर जाऊन भरून घेतात. त्यानंतरच्या तपासणीत मुख्यतः रक्तदाब, रक्तातील साखर आणि काही कर्करोगांचा विचार होतो. कोलेस्टेरॉलचा प्रश्न वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर पुढे येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये ठरविलेल्या उद्दिष्टानुसार ४० वर्षे व त्यावरील मधुमेहींपैकी ६० टक्के लोकांना २०३० पर्यंत स्टॅटिन मिळावयास हवे. गावातील मधुमेहींची नोंद उपकेंद्रात असते. त्यांतील चाळिशी ओलांडलेल्या किती जणांशी या गोळीविषयी कोणी बोलले आहे, एवढी विचारणा ग्रामपंचायतीच्या आरोग्यविषयक बैठकीत करता येण्यासारखी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील साठा संपला असल्यास त्याची नोंद आणि पाठपुरावाही तेथूनच होऊ शकतो.

शिक्षकांनी जाणून घ्यावी अशी एक आनुवंशिक अवस्था आहे. साधारणतः अडीचशे-तीनशे जणांत एकाच्या शरीरात एलडीएलच्या ग्राहींतील जन्मजात दोषामुळे लहानपणापासून कोलेस्टेरॉल वाढलेले असते. आई-वडील दोघांकडून हा दोष आलेल्या दुर्मीळ मुलांत कोपर, गुडघा किंवा टाचेवर पिवळसर गाठी दिसू लागतात. वडील चाळिशीच्या आत हृदयविकाराने गेले, असे एखाद्या विद्यार्थ्याच्या घरून कळले, तर त्या मुलांची एकदा रक्ततपासणी करून घ्यावी, असे सुचविणे उचित ठरेल.

सर्वांत अवघड प्रश्न स्थलांतर करणाऱ्यांचा आहे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी निघालेली कुटुंबे पाच-सहा महिने गावाबाहेर असतात. महिन्याच्या गोळ्या एका आरोग्य केंद्रातून मिळतात आणि माणूस दुसऱ्या जिल्ह्यातील फडावर असतो. तेथील औषध देणाऱ्याला त्याचे नाव किंवा मात्रा ठाऊक नसते. झटका येऊन गेलेला एखादा टोळीतील कामगार असल्यास, निघण्यापूर्वी वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून शक्य तितक्या महिन्यांच्या गोळ्या एकदम मागून घ्याव्यात. औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि एलडीएलचे लक्ष्य लिहिलेली चिठ्ठी मुकादमाजवळ न ठेवता त्याच्या स्वतःच्या ट्रंकेत ठेवावी. तिची एक छायाप्रत आशा स्वयंसेविकेकडे राहू द्यावी. फडाजवळच्या आरोग्य केंद्रात ती चिठ्ठी दाखविली, म्हणजे पुढील गोळ्यांसाठी सारी तपासणी पहिल्यापासून करीत बसावी लागत नाही.